उरलेले अकरा

'मनीबॉल' हा पिक्चर पाहिला नाही असा प्राणी आपल्या हॉस्टेलात शोधून सापडायचा नाही. एका पेनड्राइव्हवरून तो सगळे मजले फिरतो, आणि दर सेमिस्टरला सबमिशन संपलं की कुणीतरी नवा शोध लागल्यासारखं सांगत येतो, "बेसबॉलमधलं काही कळत नाही रे, पण काय पिक्चर आहे!" ऑकलंडचा गरीब संघ, ब्रॅड पिट, कॉम्प्युटर घेऊन बसलेला जाडा मुलगा आणि आकड्यांनी केलेली म्हाताऱ्यांची जिरवाजिरवी. इंजिनिअरिंगवाल्यांना आवडणार नाही तर काय! माझी तक्रार एवढीच की पिक्चर नेमका चुकीच्या जागी संपतो. शेवटी बॉस्टन रेड सॉक्सचा मालक ब्रॅड पिटला, म्हणजे बिली बीनला, नोकरी देऊ करतो, तो नाही म्हणतो, आणि पडद्यावर मजकूर येतो की दोन वर्षांनी बॉस्टननं याच विचारावर वर्ल्ड सिरीज जिंकली. संपलं! अहो, खरी गंमत तर त्या दोन वर्षांत आहे. कारण तो विचार बॉस्टननं एकाच हिवाळ्यात दोन ठिकाणी लावून बघितला. एका ठिकाणी त्याचं सोनं झालं, दुसऱ्या ठिकाणी तो पहिल्याच दिवशी तोंडावर आपटला. असं का झालं, याबद्दल माझं एक मत आहे आणि ते इथं मांडायचं आहे.

आधी थोडं गणित. तेव्हा बेसबॉलच्या संघात पंचवीस जण असत. त्यातले नऊ रोजचे बॅटिंग करणारे. पाच सुरुवातीचे पिचर, जे पाळीपाळीनं पाच दिवसांतून एकदा टाकतात. चौदा झाले. हे चौदा पोस्टरवरचे. उरलेल्या अकरांत चार-पाच बाकावरचे आणि सहा-सात बुलपेनमधले. मैदानाच्या कडेला जिथं राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेला बुलपेन म्हणतात, आणि तिथल्या टोळक्यालाही तेच नाव. क्रिकेटच्या बाराव्या गड्यासारखं पाणी आणि ग्लोव्हज पोचवण्यापुरते हे लोक नसतात, त्यांना सामन्यात खरोखर घालता येतं. फक्त एक अट आहे, जो बाहेर गेला तो त्या सामन्यापुरता गेला, परत येणे नाही. त्यामुळे बाकावरचा माणूस म्हणजे एकदाच वापरायची काडी. ती कधी ओढायची हे मॅनेजरचं काम, आणि कसल्या काड्या पेटीत भरायच्या हे काम थंडीतलं, म्हणजे खेळ बंद असताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं.

मोठा स्टार विकत घ्यायला अक्कल लागत नाही, पैसे लागतात. संघ चालवणाऱ्याची अक्कल बघायची तर हे उरलेले अकरा बघावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर २००२ चा हिवाळा. बॉस्टन १९१८ पासून जिंकलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये थिओ एपस्टाइन नावाच्या २८ वर्षांच्या पोराला जनरल मॅनेजर केलं. (आपल्याकडे या वयात लोक दुसऱ्यांदा गेट देत असतात.) त्याच महिन्यात सल्लागार म्हणून आला बिल जेम्स. हा माणूस कॅन्सस राज्यात डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता आणि पहारा देता देता बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ पासून स्वतःच पुस्तकं छापून विकली. पंचवीस वर्षांनी एका संघानं त्याला आत बोलावलं.

या मंडळींनी बाकासाठी काय केलं ते बघा. मिनेसोटा ट्विन्सनं १६ डिसेंबर २००२ ला डेव्हिड ऑर्टिझ नावाचा एक धिप्पाड डावखुरा बॅटर चक्क सोडून दिला. विकला नाही, बदल्यात दिला नाही, सोडून दिला. वय २७, त्या मोसमात २० होमरन. पण गुडघा आणि मनगट दुखरं, फील्डिंग बेताची, आणि ठेवला असता तर पगार वाढवून द्यावा लागला असता. शिवाय जागाही हवी होती. त्याच दिवशी ट्विन्सनं दुसऱ्या संघाचा होसे मोर्बान नावाचा एक नवखा खेळाडू उचलला. जो संघ असा खेळाडू उचलतो त्यानं पुढचा अख्खा मोसम त्याला पंचविसात ठेवायचा असतो, असा नियम आहे. मोर्बान पुढं ट्विन्सकडे टिकलाच नाही, बाल्टिमोरला गेला आणि मेजर लीगमध्ये एकच मोसम खेळला.

इथं ट्विन्सला मूर्ख म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. वर्षभरापूर्वी लीगचे मालक दोन संघ कायमचे बंद करायच्या गोष्टी करत होते आणि त्यात ट्विन्सचं नाव पुढं होतं. पै-पैचा हिशोब करणाऱ्या घरानं एक महागडं होऊ घातलेलं सामान काढलं, एवढंच. आणि ऑर्टिझ गेल्यावरही ट्विन्सनं २००३ आणि २००४ मध्ये आपला गट जिंकलाच. त्यांची चूक हिशोबातली नव्हती. त्यांनी हिशोबात न बसणारा भाग शून्य धरला, ही चूक होती.

बॉस्टननं जानेवारीत ऑर्टिझला साडेबारा लाख डॉलरना घेतलं. बेसबॉलच्या मानानं हे चहापाण्याचे पैसे. पेद्रो मार्टिनेझ हा त्यांचा सर्वांत मोठा पिचर आणि ऑर्टिझ, दोघंही डोमिनिकन रिपब्लिकचे. त्यानं वर शब्द टाकला होता. पण ऑर्टिझला काही सिंहासन दिलं नाही. त्याच जागेसाठी आधीच जेरेमी जिआंबी आणला होता. शिवाय केव्हिन मिलारला फ्लोरिडानं जपानच्या चुनिची ड्रॅगन्सला विकलेलं असताना मध्येच हात घालून अडवला. अशा वेळी कुणी मध्ये पडायचं नाही असा अलिखित संकेत होता, तो बॉस्टननं खुशाल मोडला. तिसरा बिल म्यूलर. स्पेलिंग म्यूलर, पण उच्चार मिलर. आता मिलार आणि मिलर एकाच संघात, कॉमेंट्रीवाल्यांचं काय झालं असेल! आणि आधीचा शे हिलेनब्रँड होताच. म्हणजे दोन-तीन जागा आणि पाच माणसं, सगळी स्वस्तातली, सगळ्यांत काही ना काही खोट.

पुढं काय झालं? जिआंबी पार झोपला, सरासरी .१९७. म्यूलरनं .३२६ सरासरीनं अमेरिकन लीगचं बॅटिंगचं विजेतेपद पटकावलं. ऑर्टिझ मे अखेरपर्यंत आत-बाहेर होता, मग पक्का झाला, ३१ होमरन. संघानं ९६१ धावा केल्या आणि स्लगिंग .४९१, म्हणजे १९२७ च्या बेब रूथवाल्या यांकीजचा .४८८ चा विक्रम मोडला. हे सगळं कुणाला आधी माहीत होतं का? मुळीच नाही. पाचातले कोणते दोन-तीन चालतील हे एपस्टाइनलाही माहीत नव्हतं. त्यानं पाच स्वस्त तिकिटं काढली आणि १६२ सामन्यांना निवडू दिलं.

आता बुलपेन. बेसबॉलमध्ये शेवटच्या, नवव्या डावात तीन किंवा कमी धावांची आघाडी टिकवून सामना संपवला की पिचरच्या नावावर 'सेव्ह' लागतो. १९६९ पासून हा अधिकृत आकडा झाला. मग झालं असं की आकड्यासाठी माणूस राखून ठेवायची प्रथा पडली. सर्वांत चांगला राखीव पिचर म्हणजे 'क्लोजर', आणि तो नवव्यातच येणार. जेम्सचं म्हणणं, हा वेडेपणा आहे. नवव्यात तीन धावांनी पुढं असलेला संघ शंभरातले पंच्याण्णवहून जास्त सामने तसाही जिंकतो. खरी मारामारी सातव्या-आठव्यात, बरोबरी असताना, बेसवर माणसं असताना असते. मेसच्या स्वयंपाकघराला संध्याकाळी सातला आग लागलीय आणि बंब गेटवर उभा, का? तर तो नऊच्या आगीसाठी राखीव आहे!

तर्क बिनतोड आहे. मी आजही जेम्सच्या बाजूनं आहे.

बॉस्टननं मग काय केलं? ४० सेव्ह घेतलेला उगेट उर्बिना जाऊ दिला आणि क्लोजर असा कुणी नेमलाच नाही. टिमलिन, एम्ब्री, फॉक्स, मेंडोझा, हाऊरी... जशी वेळ तसा माणूस. पेपरवाल्यांनी नाव ठेवलं 'कमिटी'. कमिटी या शब्दानं आपल्याकडे जे डोळ्यांसमोर येतं तेच झालं. ३१ मार्च २००३, मोसमाचा पहिला सामना, टँपा बेसारख्या तळाच्या संघाविरुद्ध, पेद्रोनं सात डाव उत्तम टाकून दिलेले, नवव्यात ४-१ आघाडी. एम्ब्री आला, मार बसला. फॉक्स आला, आणि कार्ल क्रॉफर्डनं तीन धावांचा होमरन मारून सामना ६-४ असा संपवला. पहिल्याच दिवशी! बॉस्टनमध्ये काय बोंबाबोंब झाली असेल याची कल्पना करा. मे महिन्याच्या शेवटी हिलेनब्रँड ॲरिझोनाला देऊन ब्युंग-ह्युन किम हा पिचर आणावा लागला. म्हणजे बाकाच्या प्रयोगातला नफा बुलपेनच्या तोट्यात भरला.

यावर दोन पक्ष पडले आणि आजतागायत आहेत. एक म्हणतो, बघा, आकडेवाल्यांची जिरली, क्लोजरला काळीज लागतं. दुसरा म्हणतो, विचार बरोबर होता, माणसं कमअस्सल होती. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

पहिली गोष्ट, बॅटरचं अपयश हप्त्याहप्त्यानं येतं, राखीव पिचरचं एकरकमी. जिआंबी फसला तर एप्रिल-मेमध्ये हळूहळू कळलं, तोवर दुसरा तयार होता. फॉक्स फसला तो एका चेंडूत, आणि सामना परत मिळत नाही. दुसरी गोष्ट सॅम्पल साइजची, जी आपल्याला स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला पाठ असते आणि बाहेर आलं की विसरते. रोजचा बॅटर मोसमात सहाशे वेळा उभा राहतो. बुलपेनवाला जेमतेम साठ-सत्तर डाव टाकतो. एवढ्याशा आकड्यांवरून गेल्या वर्षीचा वाघ यंदा शेळी निघतो आणि शेळीचा वाघ. म्हणजे जिथं आकडे सर्वांत कच्चे तिथंच त्यांनी आकड्यांवर सर्वांत जास्त भार टाकला. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाही. बसून राहणाऱ्या माणसाला आपण कशासाठी बसलोय हे माहीत लागतं. त्याला शरीर गरम करायचं असतं, मन तयार करायचं असतं. "कधीही, कुणीही" हे मॅनेजरला सोयीचं वेळापत्रक आहे, बसणाऱ्याला नाही. वायवाला रोल नंबर पुकारत नाहीत, कुणालाही कधीही आत बोलावतात, तेव्हा कॉरिडॉरमध्ये आपली काय अवस्था होते ते आठवा.

त्या मोसमाचा शेवटही बघण्यासारखा. १६ ऑक्टोबर २००३, यांकीजविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. आठव्यात ५-२ आघाडी, पेद्रो दमलेला. बुलपेनमध्ये तोच कमिटीवाला टिमलिन, ज्यानं त्या प्लेऑफमध्ये एकही धाव दिली नव्हती, आणि एम्ब्री. पण मॅनेजर ग्रेडी लिटलचा त्यांच्यावर विश्वास बसेना. पेद्रोला ठेवलं, त्याचे १२३ चेंडू झाले, बरोबरी झाली. अकराव्यात होमरन मारून सामना संपवला आरॉन बूननं, जो त्या रात्री बाकावरून फक्त पळायला म्हणून आत आला होता! एप्रिलमध्ये बुलपेनची जी अब्रू गेली ती ऑक्टोबरमध्ये सुधारून काय उपयोग, मॅनेजरच्या डोक्यात एप्रिलच बसलेला. लिटलची नोकरी गेली. टेरी फ्रँकोना आला.

पुढच्या हिवाळ्यात, २००३-०४ ला, एपस्टाइननं ऑकलंडचा कीथ फोक घेतला. ४३ सेव्हवाला, नावाजलेला क्लोजर. वरवर बघता ही सपशेल माघार. पण माझ्या मते हाच तो जेम्सचा विचार, फक्त या वेळी बरोबर क्रमानं केलेला. आधी भरवशाचा माणूस आणा, त्याला त्याचं काम सांगा, आणि मग वेळ आली की कामाची चौकट मोडायला सांगा. ती वेळ १७ ऑक्टोबर २००४ ला आली. पुन्हा यांकीज. बॉस्टन तीन सामने हरलेलं, आदल्या रात्री १९-८ असा मार खाल्लेला. चौथा सामना, यांकीज ४-३ पुढं, आणि सातव्या डावात, एक आऊट असताना, मागं असताना, फ्रँकोनानं फोकला आणला. सेव्हचा प्रश्नच नव्हता. बंब सात वाजता आगीवर गेला. फोकनं आठ आऊट काढले, ५० चेंडू टाकले, एकही हिट नाही, एकही धाव नाही. पुढच्या दोन्ही रात्री तो पुन्हा आला, तीन रात्रींत शंभराच्या आसपास चेंडू. त्याचा हात आणि गुडघा पुन्हा कधी तसे राहिले नाहीत, २००५ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि बॉस्टनच्याच लोकांनी त्याची हुर्यो केली. हेही नोंदवून ठेवावं.

त्या रात्रीचा नववा डाव तर उरलेल्या अकरांचं स्नेहसंमेलनच म्हणावं. समोर मारियानो रिव्हेरा, जगातला सर्वोत्तम क्लोजर. मिलार, जपानला निघालेला, चार वाईड चेंडूंवर बेसवर गेला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स, जुलैच्या शेवटच्या दिवशी एका ज्युनिअर खेळाडूच्या बदल्यात आणलेला, बॅटिंग बेताची, पण त्या वर्षी ४१ प्रयत्नांत ३८ बेस चोरलेला. कामच ते, चोरी करायची. कित्येक दिवस बसून होता, पण कशासाठी बसलोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जुना चोर मॉरी विल्स त्याला सांगून गेलेला, की एक दिवस अख्ख्या स्टेडियमला माहीत असेल तू पळणार, आणि तेव्हाही पळावं लागेल. रिव्हेरानं तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला डांबून ठेवायचा प्रयत्न केला. मग बॅटरकडे पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. पोसाडाचा थ्रो उत्तम, जीटरचा टॅग उत्तम, तरी बोटभर अंतरानं सेफ. म्यूलरचा हिट, रॉबर्ट्स घरी, ४-४. बाराव्यात होमरन कुणाचा? ऑर्टिझचा. विजयी पिचर कर्टिस लेस्कॅनिक, त्याच जूनमध्ये कॅन्सस सिटीनं सोडून दिलेला. तिथून बॉस्टन सलग आठ सामने जिंकलं आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज घेतली. त्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्स एकाही सामन्यात उतरला नाही, आणि डिसेंबरमध्ये सॅन डिएगोला रवाना!

तुम्ही म्हणाल, बॉस्टन गरीब थोडंच होतं? बरोबर. २००४ चा त्यांचा पगाराचा खर्च १२ कोटी डॉलरच्या वर होता, त्यांच्या पुढं एकटे यांकीज. पण त्या नवव्या डावात पैसा कुठंच दिसत नाही.

आता सध्याची स्थिती, जी मला आवडत नाही. २०२० पासून यादी सव्वीसची झाली, पण पिचर जास्तीत जास्त तेरा, आणि सगळे संघ तेराच्या तेरा भरतात. उरले तेरा. नऊ रोजचे, चार बाकावर, त्यातला एक राखीव कॅचर. म्हणजे तीन. अशात केवळ पळणारा माणूस मोसमभर कोण ठेवणार? आणि गंमत अशी की २०२३ पासून बेस मोठे झाले, आणि बेसकडे फेकून पळणाऱ्याला रोखायचे पिचरचे प्रयत्न दोनवर आले, तिसरा फसला तर पळणाऱ्याला पुढचा बेस फुकट. आजच्या नियमानं रॉबर्ट्सला पळावंच लागलं नसतं. चोरी सोपी झाली आणि चोराची खुर्ची गेली.

तोच रॉबर्ट्स पुढं लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर झाला. २०२५ ची वर्ल्ड सिरीज आठवा. सुरुवातीला बाकावर बसवलेल्या ३६ वर्षांच्या मिगेल रोहासला त्यानं शेवटच्या दोन सामन्यांत घातलं, आणि सातव्या सामन्याच्या नवव्या डावात रोहासनं होमरन मारून बरोबरी केली, पुढं डॉजर्स जिंकले. आपल्याकडे तेव्हा २ नोव्हेंबरची सकाळ होती. त्याच दिवशी रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, कोच अमोल मुझुमदार. सचिन-कांबळीच्या ६६४ च्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला तोच. आणि सामनावीर शफाली वर्मा, जी मूळ पंधरात नव्हतीच.

आणि डॉजर्सचं बुलपेन? त्या वर्षी जानेवारीत त्यांनी टॅनर स्कॉटला चार वर्षांसाठी ७२ मिलियन डॉलर मोजून आणलं होतं. मोसमात त्यानं दहा वेळा आघाडी घालवली आणि वर्ल्ड सिरीजच्या यादीत तो नव्हताच. तिसरा सामना अठरा डाव चालला. बुलपेन रिकामं होत आलं तेव्हा उरला होता विल क्लाइन, जूनमध्ये सिॲटलकडून आलेला, यादीतला शेवटचा. एवढा वेळ त्यानं मेजर लीगमध्ये कधी टाकलंच नव्हतं. चार डाव टाकले, एकही धाव दिली नाही. चेंडू मोजले तर ७२.